सूर्य उगवेपर्यंत अबोला

नोव्हेंबर संपता संपता शेजारच्या बोर्गहिल्डने नवऱ्याची मोडकी खुर्ची त्याला न विचारता भंगारात दिली. आयलर्ट भडकला. "आता सूर्य उगवेपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही!"

आमच्या उत्तर ध्रुवाकडच्या ट्रॉम्सोत त्या दिवसांत मावळलेला सूर्य थेट जानेवारीत उगवतो, हे रागाच्या भरात म्हातारा विसरला. पण माघार घेईल तर तो आयलर्ट कसला! जेवताना मीठसुद्धा बोट दाखवून मागायचा. फोनवर मुलीशी बोलायचा, मांजराशी बोलायचा, टीव्हीवरच्या बातमीदाराशी भांडायचा. बायकोशी मात्र अवाक्षर नाही.

सूर्य परतायच्या दिवशी सगळं गाव जॅम भरलेले गोड पाव घेऊन टेकडीवर जमलं. हे दोघंही आले. डोंगरामागून सोनेरी कड वर आली, पोरांनी एकच गिल्ला केला. आयलर्टने वळून पाहिलं, तर बोर्गहिल्डच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

त्याने तिचा हात धरला. "अगं वेडे, रडतेस काय? संपलं ना आता सगळं! बोलतोय ना मी!"

"म्हणूनच रडतेय," नाक पुसत ती म्हणाली. "किती छान गेला रे हिवाळा!"