गार फडकं

क्यूबातली दुपार नुसती भट्टी झाली होती. उसाच्या मळ्यांतल्या निर्मनुष्य रस्त्यावर लिसांद्रोची आजोबांच्या वेळची गाडी तापून पुन्हा बंद पडली. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवलं की ती निवायची. पण आता बाटलीत पाण्याचा टिपूस नव्हता.

त्याने बॉनेट उचललं. पंपावरचं फडकं एव्हाना वाळायला हवं होतं; पण ते ओलं होतं, नुकतंच पिळल्यासारखं.

"मावशी, तू खाली उतरली होतीस?"

"कशी उतरू रे मेल्या? दारांची आतली हँडलं तूच विकून खाल्लीस ना!" ओनेलियामावशी पुढच्या सीटवरून करवादली.

गाडी सुरू झाली आणि थोडं अंतर जाऊन आचके देत थांबली. अर्ध्यावर अडकलेल्या काचेवरून हात घालून लिसांद्रोने दाराचं बाहेरचं हँडल दाबलं. ते दबेना. मावशीच्या बाजूची काच तर खालीच येत नव्हती.

तेवढ्यात समोरचं बॉनेट आपोआप वर गेलं. त्याच्याआड कुणीतरी सावकाश कापड पिळत होतं. तापल्या लोखंडावर पाणी चरचरलं. बॉनेट खाली आलं, तर पुढे फक्त रस्ता.

मागचं दार उघडलं. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. दार लागलं.

मावशीने दोन्ही हातांनी पर्स पोटाशी घट्ट धरली. मागे वळून बघायची दोघांची छाती होईना.

आणि लिसांद्रोच्या घामेजल्या मानेवर कुणीतरी अलगद, नीट पिळलेलं गार फडकं ठेवलं.