आईला फिरवायचा दिवस

"एवढ्यात घरी कसलं जायचं? दीपगृह राहिलंय," आई म्हणाली आणि पदर सावरून पुढच्या सीटवर बसली.

धाकट्याने आरशातून मागे बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने नुसतेच खांदे उडवले. सकाळपासून बंदर झालं, मत्स्यालय झालं, जुना बाजार पालथा घालून झाला, तरी हृदयाचं दुखणं असलेली ही बाई थकायचं नाव घेत नव्हती.

बेत धाकट्याचाच होता. थोरला भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता आणि ते जहाज परवाच्या वादळात बुडालं होतं. काही खलाशी सापडले, बाकीच्यांचा शोध चालू होता. थोरला त्या बाकीच्यांत. कंपनीचे साहेब म्हणाले होते, कळलं की लगेच फोन करतो. इकडे डॉक्टरांनी केव्हाच बजावून ठेवलं होतं की आईंना धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. मग धाकट्याने टीव्हीची वायर काढून ठेवली, काही बोलू नका म्हणून शेजाऱ्यांना विनवलं आणि आज आईला घराबाहेर काढलं. टॅक्सीवाल्याच्या आईने शहर पाहिलेलं नाही, हे निमित्त आयतंच होतं.

सकाळी खाली गाडी धुऊन तो वर आला, तेव्हा आधी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला मोबाइल पाहिला. एकही मिस्ड कॉल नव्हता. आणि आई साडी बदलून दारात उभी! एरवी तिला बाहेर न्यायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. "चल, कुठे नेतोस?" म्हणाली. त्याने मनातल्या मनात हात जोडले.

दीपगृहापाशी तो सवयीने गाडीला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं इथे पाहुणे आणले, पण स्वतः कधी वर चढला नव्हता. गाडी सोडायची नाही, हा धंद्याचा नियम.

"तुम्ही दोघं वर जा," आई म्हणाली. "मी बसते गाडीजवळ. कोणी पळवत नाही तुझा हा खटारा."

"खटारा काय? आत्ताच सर्व्हिसिंग केलंय."

"मग आणखीच कोणी नेणार नाही. जा रे, बघून ये जरा. जन्मभर दुसऱ्यांनाच दाखवत आलास."

वर वारा मरणाचा होता. समोर जिकडे पाहावं तिकडे पाणी. धाकट्याला ते बघवेना. त्याने खाली पाहिलं. आई बाकावर समुद्राकडे पाठ करून बसली होती. ऊन डोळ्यांवर येत असेल, त्याला वाटलं. तिने हात हलवला. त्यानेही हलवला आणि मग त्याला रडू फुटलं.

"दादानेच मला पोहायला शिकवलं गं," तो म्हणाला. "तो असा जायचा नाही."

"डोळे पुसा आधी," बायको म्हणाली. "त्या बघतायत. एवढा दिवस काढलात, आता थोडक्यासाठी घोळ नको."

खाली आल्यावर आईने आइस्क्रीम मागवलं. स्वतःचं मात्र त्याच्याच हातात दिलं. "मला नको, दात शिवशिवतात. तू खा. लहानपणी दादाचंसुद्धा हिसकावून घ्यायचास." दादाचं नाव निघताच त्याने मान फिरवली. तरी त्याने दोन्ही संपवली, हसूनसुद्धा दाखवलं. दुसरं काय करणार होता?

"आता जंगल," आई म्हणाली.

"तिथे रेंज नसते, आई."

"मग तर बरंच. सकाळपासून सारखा खिसा चाचपतोयस. एक दिवस विसर की तो मोबाइल."

नाही म्हणावं तर तिला संशय यायचा. हो म्हणावं तर फोन चुकायचा. निमूटपणे त्याने गाडी जंगलाकडे वळवली. नाक्यावरच मोबाइलची रेंज गेली.

झाडांखालच्या पायवाटेवर आई त्याचा हात धरून चालली. रस्ता ओलांडताना लहान पोराचा धरावा तसा घट्ट. तो चिडला, घाई करू लागला. "निघू या ना आता, अंधार पडेल," दर वळणावर म्हणायचा. दर वळणावर आईला आणखी एक झाड बघायचं असायचं.

"तुला काही ना काही कारणच हवंय थांबायला!" शेवटी तो ओरडला. आपल्याच ओरडण्याची लाज वाटून तो तिच्या पावलाने चालत राहिला.

ऊन उतरल्यावर ते परतीला लागले. नाका ओलांडताच मोबाइल वाजला. कंपनीच्या साहेबांचा नंबर. त्याने गाडी कडेला घेतली आणि लांब जाऊन उभा राहिला. आईही उतरून त्याच्या मागोमाग आली. हाताने तो तिला परत जायची खूण करत होता, पण ती ढिम्म हलेना.

"बोला, साहेब," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"तुमचे भाऊ गेले. मी सकाळीच कळवलं होतं, फोन तुमच्या आईंनी घेतला," साहेब म्हणाले. "त्या म्हणाल्या, धाकट्याला आजचा दिवस काही सांगू नका, संध्याकाळी करा, तेव्हा मी त्याच्याजवळ उभी असेन."