नवा ट्रक

पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ट्रक कायमचा सोडायला लावला, तेव्हापासून ड्रायव्हरचा जीव घरात रमेना. शेवटी लेकीनेच सुचवलं, "बाबा, गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवू या. स्टिअरिंग लावून त्यावर ट्रक चालवता येतो."

मग काय, रोज संध्याकाळी बापलेक बाल्कनीत बसून एकेक भाग निवडू लागले. पैसे बेताचेच होते. यादीतून चमचमणारे रंगीत दिवे गेले, महागडं कॅबिनेट गेलं, प्रोसेसरही एक पायरी खाली उतरला. ग्राफिक्स कार्डाला मात्र ड्रायव्हरने हात लावू दिला नाही.

"पहाटे दरीत धुकं उतरतं ना, ते नीट दिसलं पाहिजे," तो म्हणाला, आणि डोळे मिटून कुठल्याशा घाटात पोचलासुद्धा. "वळण संपलं की धुकं फाटतं. खाली अख्खी नदी सोन्यासारखी लखलखते बघ."

बायको वाळलेले कपडे काढता काढता ऐकत होती. ती जवळ येऊन उभी राहिली, तसा तो चपापला. आता ही उरल्यासुरल्या खर्चालाही कात्री लावणार!

"स्क्रीन जरा मोठा घ्या," ती म्हणाली.

"अगं, मला एकट्याला एवढा मोठा कशाला?"

"एकट्याला?" कपड्यांचा ढीग मांडीवर घेऊन ती त्याला खेटून बसली. "जन्मभर दारात उभी राहून तुम्हाला निरोप दिला. या खेपेला मी बरोबर येणार आहे."