फसफसतं कुंड

“अहो, हे पाणी आहे की सडलेली अंडी?” व्याह्यांनी नाक दाबलं.

“गंधक आहे त्यात. कातडीला चांगलं,” म्हणत विहीणबाई गळ्यापर्यंत आत शिरल्याही. व्याही ज्याला नाक मुरडतील ते आपल्याला आवडलंच पाहिजे, हा त्यांचा नेम लेकाच्या लग्नापासूनचा. ते बेकरीवाले, या लाँड्रीवाल्या. दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले. दर रविवारी एका टेबलाशी बसायचं आणि कडाकडा भांडायचं. डोंगरातल्या गरम झऱ्यांत भिजून तरी सूर जुळतील, म्हणून लेक-सुनेने त्यांना इथे आणलं होतं. आता ती दोघं वरच्या बाकावर टॉवेल सांभाळत, जीव मुठीत धरून बसली होती.

पुढच्या कुंडाचं पाणी तांबूस. “लोखंड आहे. डाग जन्मात जायचा नाही,” विहीणबाईंनी बजावलं. व्याही मुद्दाम पांढऱ्या बनियनसकट उतरले आणि विटेच्या रंगाचे होऊन वर आले. विहीणबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यावर ढकललं.

त्याच्या शेजारचं कुंड इतकं कढत, की बोटही बुडवायला नको. एकमत झालं ते एवढ्यावरच.

शेवटचं कुंड कोमट होतं, पण सोड्यासारखं फसफसत होतं. “खमीर धरलंय!” व्याही ओरडले आणि धपकन आत बसले. विहीणबाईही उतरल्या. बुडबुडे तळव्यांना, पोटऱ्यांना, काखेत गुदगुल्या करू लागले. त्या किंचाळल्या. पाय निसटला म्हणून त्यांनी व्याह्यांचा दंड धरला, आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईतो हसत सुटली. हसू ओसरलं तरी दंड काही सुटला नाही.

“रविवारी तुमच्याशी भांडायचं असलं, की मी शनिवारपासून स्वतःच्या साडीला इस्त्री करत बसते,” विहीणबाई एकदम म्हणाल्या. “हे काय लक्षण झालं हो?”

व्याही लाजले. “मी बिस्किटं मुद्दाम करपवून आणतो. नाहीतर तुम्ही माझ्याशी बोलणार कशावरून?”

आरडाओरडा ऐकून लेक धापा टाकत खाली आला.

“आई, पुन्हा भांडण? आता काय म्हणाले सासरेबुवा?”

“सासरेबुवा नाही, बाबा म्हण,” विहीणबाई म्हणाल्या. “आतापासूनच सवय कर.”