गळ्याखालची टीप

“गळ्याखालची सात बोटं टीप उसव. पुढचं माझ्यावर सोड,” दादा म्हणाला होता.

बटणं विकायच्या निमित्तानं तो शिवणखोलीच्या दारापर्यंत आला होता. पहारेकरीण घासाघीस करण्यात रंगली, तेवढ्यात भावाबहिणीचं बोलणं झालं.

“आणि मग?”

“मग तुला आईजवळ नेतो. शब्द देतो, चिमे.”

चार वर्षं ती या खोलीत होती. खिडकीला गज, दाराला बाहेरून कडी. त्यांच्या घरातल्या बायकांच्या हाताला वरदान होतं. त्यांनी शिवलेला अंगरखा ज्याच्या अंगावर, त्याच्यापुढे माणसांचे गुडघे आपसूक वाकत. आईची नजर गेली, तसं राजानं लेकीला उचलून आणलं.

रोज सकाळी सुई हातात घेण्याआधी ती डोळे मिटून एकच मागणं मागायची. चाचपडत चूल पेटवणाऱ्या आईचा हात आज भाजू नये.

दरबाराच्या दिवशी तिनं राजाच्या अंगरख्याची सात बोटं टीप उसवली. वरून कच्चे टाके घातले.

“झाला का गं?” पहारेकरीण आत आली. “महाराज तिकडे नुसत्या बंडीवर येरझाऱ्या घालतायत. बघवत नाही.”

“झाला, मावशी.”

दुपारी चौकातून हसण्याचा आवाज आला. मग आरोळ्या. राजा “वाका! वाका!” ओरडत होता आणि कुणीच वाकत नव्हतं.

संध्याकाळी कडी निघाली. दारात दादा उभा. तिचं गाठोडं केव्हाचं बांधून तयार होतं.

“चल ना.”

“थांब जरा.” तो खिडकीशी गेला. “ऐकतेस हा गोंधळ? कोठारं फुटली. आपलीच माणसं एकमेकांच्या उरावर बसलीत. माझं कुणी ऐकत नाही.”

“समजावून सांग. ऐकतील हळूहळू.”

“तेवढा वेळ नाही गं.” त्यानं अंगातला डगला काढला आणि दोन्ही हात पसरले. “माप घे.”

ती जागची हलली नाही. “मी आता शिवायची नाही, दादा. मला आई हवी. तू शब्द दिला होतास.”

त्याचे डोळे भरून आले. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“दिलाय ना. आजच पाळतो.”

तो बाहेर पडला. कडी अगदी हळुवार लागली. मग जिन्यातून त्याचा मऊ आवाज आला, “मावशी, या खोलीत अजून एक अंथरूण घाला. मी आईला घेऊन येतो.”