तयार शुभेच्छा

शनिवार पेठेतले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ अनंतराव दर दिवाळीला वर्ध्याच्या बहिणीला, हेमाला, मनीऑर्डरने भाऊबीज पाठवीत आणि खाली एक टोमणा लिहीत. ‘एकदा ये’ एवढे लिहिणे मात्र त्यांना कधी जमले नाही.

यंदा पोस्टात संगणक आला होता. कारकून म्हणाला, “आता मजकूर लिहायचा नाही. यादीतल्या तयार संदेशाचा क्रमांक सांगा.”

“टोमण्याचा क्रमांक कोणता?”

“टोमणे नाहीत, काका. शुभेच्छा आहेत.”

नाइलाजाने त्यांनी ‘हार्दिक शुभेच्छा’ पाठवल्या. मनीऑर्डर पोहोचली आणि पाठोपाठ हेमाच बॅग घेऊन दारात उभी राहिली.

“न कळवता कशी आलीस?”

“दादा, तू हार्दिक शुभेच्छा दिल्यास. म्हटलं, आता काही खरं नाही, भेटून घ्यावं.”

आपली प्रकृती ठणठणीत आहे, हे अनंतरावांनी भाऊबीज होईपर्यंत तिला सांगितले नाही.