जाड टायर

गोवा राज्य झालं, पण पाळी गावच्या रस्त्यावरचे खड्डे होते तिथंच राहिले. सायकलनं खाणीवर जाणाऱ्या भिकाजीची ट्यूब दर आठवड्याला फुटायची. दर वेळी शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी.

"साप खंयचो रे! टायर बारीक, म्हणान खड्ड्यात रिमच ट्यूबेक चावता. जाड टायर घाल," सायकल दुरुस्त करणारा बाबली सांगून थकला.

"तुका टायर इकूचो आसा," म्हणत भिकाजीनं थेट देवळात गाऱ्हाणं घातलं. देवाचा अवसर नेहमीप्रमाणे बाबलीच्याच अंगात आला. घुमत घुमत तो गरजला, "जाड टायर घाल!"

भिकाजीनं लोटांगण घातलं.

सकाळी उजाडताच तो बाबलीच्या दुकानात हजर. "जाड टायर घाल. आणि तू मधी अक्कल शिकवू नको, खुद्द देवान सांगल्यान हा!"